पाय मुरगळलेली आई

खळीच्या भांड्यावरचं झाकण टुणकन उडालं आणि परत जागेवर बसलं. एवढ्याशा आवाजानं धाकटी दचकली. घर चिडीचूप होतं. पाळण्यात तिचं बाळ झोपलं होतं. दूध पिऊन पिऊन गब्दुल झालेलं, म्हणून घरात त्याला बोका म्हणायचे. थोरल्या बहिणीची मुलगी मुंगी शाळेतून यायला अजून अवकाश होता. सतत काही ना काही ओढत, साठवत फिरायची म्हणून ती मुंगी. आई दवाखान्यात गेल्यापासून ती मावशीकडेच राहत होती.

धाकटी घरीच बाइंडिंगची कामं करायची. टेबलावर ग्रंथालयाची पाठ मोडलेली पुस्तकं रांगेनं पडली होती, सुईत दोरा ओवलेला होता, खळ शिजून घट्ट होत आली होती, आणि धाकटी बाईसाहेब मात्र सकाळपासून एकच सुटं पान समोर घेऊन बसल्या होत्या.

तिनं गॅस बंद केला. तेवढ्यात फोन थरथरला. बाळ उठेल म्हणून तिनं तो झडप घालून उचलला.

"हॅलो? … ताई? अगं, तू आत्ता कशी? … नाही, झोपले नव्हते. बोका झोपलाय म्हणून हळू बोलतेय. … हो, आत्ताच टाकलाय पाळण्यात, एवढा वेळ खांद्यावर होता, खांदा गेला माझा कामातून. … मुंगी नाही आली अजून. तुमचा वाचायचा फोन संध्याकाळी ना? … मग? … सगळं ठीक ना? … सहजच? तू आणि सहज? तू कधी सहज शिंकलीसुद्धा नाहीस, ताई. … हसू नकोस, खोकला येतो तुला. … बघ, आला. … पाणी घे. … घेतलंस? … थोडं थोडं घे."

ती टेबलाच्या कडेला टेकली. समोरचं पान तिनं पालथं घातलं, जणू फोनमधून कुणाला दिसलं असतं.

"हं, बोल. … पुस्तक? कुठलं पुस्तक? … पुढचं? अगं, आधी हे संपू दे की. अजून तुझ्याकडे पानं आहेत, तिच्याकडे आहेत. … हो, आणून ठेवते. आहे एक बघून ठेवलेलं, दोन बहिणी जंगलात घर बांधतात असलं काहीतरी, चांगलं जाडजूड… … नको? का? … बारीक? बारीक म्हणजे किती बारीक? … तुला कधीपासून गं बारीक पुस्तकं आवडायला लागली? तुम्ही मायलेकी विटेएवढी पुस्तकं उशाला घेऊन झोपणाऱ्या. भावोजी म्हणायचे ना, या पलंगावर मला सोडून सगळ्यांना जागा आहे! … हो ना. … मुंगीला कंटाळा येतो म्हणतेस? मुंगीला? काल जेवताना तिनं भांडी घासायच्या पावडरीचा डबा वाचून काढला. मागची बाजू पण. … ताई, खरं सांग. बारीक कशाला?"

ही पुस्तकाच्या पानांची भानगड घराबाहेर कुणाला सांगून खरी वाटली नसती. ताईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा वॉर्डात पुस्तक नेऊ देईनात. जुन्या पुस्तकात धूळ असते, बुरशी असते, या पेशंटला चालत नाही. लहान मुलांना तर दाराच्या आतही घेईनात. सुटी पानं मात्र चालतील म्हणाले, एकेक पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, पाकीट स्पिरिटनं पुसून. मग धाकटीनं चांगल्या पुस्तकाची शिवण स्वतःच्या हातानं उसवली. मुंगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "उसवतेच आहेस तर अर्धं मला दे." झालं! एक पान आईला, पुढचं मुंगीला, पुन्हा आईला, पुन्हा मुंगीला. पत्ते वाटावेत तसं अख्खं पुस्तक मायलेकींत वाटून टाकलं. आता एकीला दुसरीवाचून गोष्ट पुढं नेताच येईना. रोज संध्याकाळी फोन लागायचा. आई आपल्या पानाच्या दोन्ही बाजू वाचायची, मग मुंगी आपल्या. धाकटी कांदा चिरता चिरता ऐकायची. पानं तिनं वाटली खरी, पण वाचली नव्हती. बाइंडरनं शिवण बघायची, कडा बघायच्या. मजकूर वाचत बसलं तर झालंच काम.

"बरं, बोल, ऐकतेय. … हो. … डॉक्टर आले होते? मोठे? काय म्हणाले? … कुणाला? … मुलांना आणलं तरी चालेल? खरंच? अगं मग हे आधी सांगायचं ना! बारीक पुस्तक काय घेऊन बसलीस! … अगं, उड्या मारेल कार्टी! उद्याच घेऊन येते. शाळा गेली उडत. बोक्याला शेजारच्या काकूंकडे टाकते, त्यांची कालपासून कंबर धरलीय, पण बोका म्हटला की त्यांची कंबर सुटते. मी… … काय झालं? … बोलत का नाहीस?"

धाकटीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली.

"थांब. थांब जरा. परवापर्यंत तर मुंगीला दाराच्या काचेतूनसुद्धा बघू देत नव्हते. माझ्या अंगावर तो झगा, तोंडाला फडकं, पायात पिशव्या. पोरांमुळे तुला जंतू लागतील म्हणून. … मग आता? … मग आता जंतूंचं काय झालं, ताई?"

ती खाली बसली. स्टुलावर बसायचं होतं, पण बसली ती जमिनीवर, टेबलाच्या पायाला पाठ लावून.

"… औषध बंद केलं. … सगळं? … फक्त दुखणं थांबवायचं चालू. हं. … कधीपासून? … आणि भावोजींना माहीत आहे? … त्यांना सांगूनच केलं. … म्हणजे परवा ते इथं आले होते, बोक्याला मांडीवर घेऊन बसले, चहा पुन्हा मागितला त्यांनी… तेव्हा माहीत होतं त्यांना? … आणि मला आज सांगतेस. … नाही, रडत नाहीये. … नाक आहे ते. सर्दी झालीय मला. … हो, लागतील तुला माझे जंतू. लागू देत आता."

स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू फुटलं आणि तोंडावर पदराचा बोळा दाबून ती ते हसू, की जे काय होतं ते, आत ढकलत राहिली. बोका कुशीवर वळला. पाळण्याची कडी कुरकुरली.

"आहे, आहे. इथंच आहे मी. … तूही हसतेयस ना? … आपण दोघी ना, आईच्या भाषेत, बिघडलेल्या. … हो. … बरं, मग ठरलं. उद्या आणते तिला. … नको? नको म्हणजे? … आत्ताच तर म्हणालीस चालेल म्हणून! … डॉक्टर म्हणाले, तू नाही म्हणत. वा! … ताई, ऐक ना. … हो, हो… अगं ऐक ना माझं. … केस नाहीत तर नाहीत. बोक्याला तरी कुठं आहेत? … रंगाचं काय घेऊन बसलीस? … नळ्या आहेत तर आहेत. ती काय घाबरट आहे? तिच्या शाळेत हाडांचा सापळा आहे, त्याच्याशी हात मिळवून येते ती. … ती वेगळी गोष्ट, मान्य. … मान्य म्हटलं ना. … काय? … 'तिच्याकडे माझा आवाजच राहू दे' म्हणजे? आवाज काय डबीत भरून ठेवणार आहे का ती? … रागावत नाहीये. … रागावलेच आहे मग! तुझ्यावर नाही तर कुणावर रागवू? डॉक्टरांवर? ते तर फोनच उचलत नाहीत."

ती उठली, पाळण्याला उगीच एक झोका दिला.

"आणि आवाज म्हणतेस, तर तोही ऐक काय झालाय. वाईट वाटून घेऊ नकोस. … काल मी ऐकत होते इथून. एकेका शब्दाला थांबत होतीस तू. पहिल्याच ओळीत दोनदा खोकलीस. आणि मग मुंगी म्हणाली, आई, आज मला दोन पानं वाचायचीत, तू नुसती ऐक. म्हणाली ना? … मग? तुझं पान तुझ्या हातात. तिच्याकडे ते येणार कुठून? … मी विळी ठेवून बाहेर आले, बघते तर तिच्या हातात काही नाही. भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि भिंत वाचत होती. मध्ये मध्ये पान उलटल्याचा आवाजसुद्धा काढला. वर्तमानपत्राचा. … तुला कळलं होतं? … हो, पान समोरच ना तुझ्या. … मग बोलली का नाहीस? … हं. … हं. चांगलं वाचत होती ना? … मलाही आवडलं. गोष्टीतलं खेचर रुसून बसतं ते तर फारच."

आता ते पालथं घातलेलं पान तिनं पुन्हा हातात घेतलं.

"ताई, तुला एक सांगायचंय. सकाळपासून तेच चाललंय माझं, सांगू की नको. … मुंगी खरं वाचत नाही. … कालचं नाही म्हणत. आधीपासून. … आज मी टेबल पुसताना तिच्या पानांचा गठ्ठा उचलला. सगळी पानं ओळीनं, आणि एक तळाशी, उलटं घातलेलं. मला सवयच गं, पान उलटं दिसलं की सरळ करायची. सरळ करताना डोळा पडला. … हो, तेच. खानावळीतलं. … ताई, त्या बाईचा पाय मुरगळलेला नाहीये."

पुस्तकातली गोष्ट तशी साधी होती. एक बाई आणि तिची लेक खेचराच्या गाडीतून गावोगाव छत्र्या दुरुस्त करत फिरतात. मुंगीनं वाचून दाखवलं त्यात, एका खानावळीच्या जिन्यावर आईचा पाय मुरगळतो. तेव्हापासून ती गाडीत मागं पाय वर करून बसायची आणि नुसते हुकूम सोडायची. पोर गाडी हाकायची, छत्र्या शिवायची, गिऱ्हाइकांशी भांडायची. मागून आईची कुरकुर चालूच. डावीकडे घे, डावीकडे! तुला डावं कळतं का? फोनवर ताई खुदखुदायची, अगं ही तर मीच! त्या कुरकुऱ्या बाईचा घरात सगळ्यांना लळा लागला होता. छापलेल्या पानावर मात्र खानावळीच्या माडीवर तापानं ती बाई मरत होती.

"… काय? … तुला माहीत आहे? … कधीपासून? … त्याच संध्याकाळी! … हो गं, बरोबर, त्याच्या पुढचं पान तुझं. काय होतं त्याच्यावर? … 'मुलगी एकटीच गाडी हाकत गावाबाहेर पडली.' … आणि तू तिथं तिच्या मागं आईला बसवलंस. … पाय वर करून. … ताई! … म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघी मिळून… आणि मी इथं कांदे चिरता चिरता त्या बाईच्या बोलण्याला हसतेय! पुस्तकात ती बाईच नाही! … डावीकडे घे, हे कुणाचं? … तुझं. वाटलंच. … आणि गिऱ्हाइकाला छत्रीनं ढोसते ते? … ते मुंगीचं? शाबास."

"पण थांब, मग तिलाही कळलंच असणार ना? तिच्या पानावर ती बाई गेली, आणि तुझ्या पानावर गाडीत बसून ओरडतेय. … गप्प झाली? बराच वेळ? … आणि मग? … हसली. … आणि आपलं पान वाचायला लागली. … बोलला नाहीत कधी एकमेकींशी त्याबद्दल? एकदाही नाही? … नको. खरंय. बोलायचं काय."

धाकटीनं डोळे पुसले आणि तिला एकदम राग आला.

"पण मला एक सांग, असलं पुस्तक निवडलंस कशाला? जगात पुस्तकं कमी होती का? तूच म्हणालीस, दुसरं नको, हेच शोध. मी ग्रंथालयाच्या रद्दीत कंबरभर उतरून काढलं ते, हात काळे करून. … हो, लहानपणी आपल्या आईनं वाचून दाखवलेलं, ते आहेच माझ्या लक्षात. आई मधे, तू भिंतीकडे, मी कडेला, आणि पांघरूण सगळं तुझ्याकडे. … तुझ्याचकडे! … पण तेव्हा कुठं मरत होती ती छत्रीवाली बाई? शेवटी दोघी मिळून दुकान टाकतात की. हिरव्या दाराचं. आई ते दार उघडायचा आवाज काढायची… … हो ना? मग? … शेवटचं पान तुझ्याकडे आहे? वाचलंस? … दुकान नाही? … दारसुद्धा नाही? … मग आहे काय? … मुलगी खेचर विकते. आणि? … आणि चालत जाते. एवढंच?"

तिची बोटं पानाच्या कडेला शिवणीच्या भोकांवरून फिरत राहिली.

"… म्हणजे आईनं पण मनचंच वाचलं. … अख्खा शेवट, ताई? रोज तोच? एकदाही चुकली नाही? … दोन्हीकडून दोन पोरी घट्ट धरून बसलेल्या, तिला ते वाचून दाखवणं जमलंच नसेल. … आणि आपण कधी उघडून बघितलं नाही. गरजच काय होती, पाठ होतं की आपल्याला! … आणि तू तेच शोधून आणवलंस, पोरीला धीर येईल म्हणून. … नाही गं. नाही. तुझी चूक नाही. … मी पानं वाटताना नुसतं चाळलं असतं तरी दिसलं असतं. … बरं, माझीही नाही. आईची. ती काही आता भांडायला येत नाही. आली तर बरंच होईल."

"… काय? … नाही. … ते नाही वाचणार मी. … हट्ट करू नकोस. … कशाला हवंय तुला? … तुझ्याकडे नाहीये तेच बरं आहे. … माहीत आहे तुला ती मरते, मग आणखी काय ऐकायचंय? … कशी मरते ते. … ताई, प्लीज. … बरं. बरं, ओरडू नकोस, दम लागतोय तुला. वाचते. एकच बाजू. मागची बाजू मी वाचणार नाही, आधीच सांगते. … ऐक."

तिनं पान उजेडाकडे धरलं.

"'खानावळीच्या मालकिणीनं दिवा जवळ आणला. आईनं डोळे उघडले. खेचराला पाणी पाजलंस का? तिनं विचारलं. पाजलं, मुलगी म्हणाली. कुणाची छत्री राहिलीय का? एक राहिलीय, निळी. तिची काडी उद्या बसव, घाई केलीस तर कापड फाटेल. मुलगी म्हणाली, उद्या आपण दोघी मिळून बसवू. आई काही बोलली नाही. मुलगी उत्तराची वाट बघत बसली. मालकिणीनं खाली वाकून बघितलं, मग तिनं मुलीला दंडाला धरून उठवलं आणि शेजारच्या खोलीत नेलं.' … संपलं. एवढंच आहे."

"… ताई? … आहेस ना? … हॅलो? … बोल काहीतरी. … अं? … मला काय माहीत मुंगीनं कधी वाचलं? शाळेतून आल्यावर वाचलं असेल. नाहीतर पांघरुणात. मी आत असेन, बोक्याचं काहीतरी चाललेलं असणार. … हो. … हो, एकटीनंच. … जवळ कुणी नव्हतं. … मला सांगितलं नाही. कुणालाच नाही. जेवली नेहमीसारखी, मीठ कमी आहे म्हणाली. आणि तुझा फोन आल्यावर म्हणाली, आईचा पाय मुरगळला. … नको विचारूस. … ताई, नको ना. … खाली एका ठिकाणी कागद फुगलाय. ओला होऊन वाळला की फुगतो तसा. … हो. दुसरं कशानं असणार?"

पलीकडून जे काही आलं ते धाकटीनं डोळे मिटून ऐकलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या स्वभावात अजिबात बसणारं नव्हतं.

"… काय म्हणालीस? परत सांग. … उद्या? … नक्की ना? मागाहून शब्द फिरवायचा नाही. … आणते. सकाळीच आणते. … हो गं, तुझंच खरं, दोघींनी मिळून वाचायचं म्हणून पुस्तक वाटून घेतलं होतं, आणि नेमकं तेच पान तिच्या एकटीच्या वाट्याला आलं. मीच वाटून दिलं. … बरं, नाही बोलत तसं. … टोपी? कुठली, राखाडी? ती माझ्याकडेच आहे, धुऊन ठेवलीय. … ओठांना लावायचं, हो. … सिस्टरना सांग, पाठीमागं उशा लावायला, बसलेली दिसलीस म्हणजे बरं. … ती लघवीची पिशवी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला टांगायला सांग. … टॉवेल टाकतील वरून, होईल. … तिला काय घालू? … तो पिवळा? आखूड झालाय गं. … बरं, पिवळाच. गुडघे दिसले तर दिसले."

"… नाही. … नाही सांगणार. … ताई, ती विचारेल, तुला माहीत आहे ती कशी विचारते. मान खाली घालून, भलतंच काहीतरी करता करता. … मग मी काय सांगू? … 'आई सांगेल' एवढंच? … बरं. … बरं म्हटलं ना, एक शब्द नाही. काही विचारलं तरी नाही. … तू सांग. तुझ्या तोंडूनच कळू दे. … जमेल तुला? … मी दाराशी थांबेन. आत बोलावलंस तर येईन. … नाही बोलावलंस तर नाही येणार. भावोजींना पण बाहेर ठेवते, चहा पाजत बसते."

"आणि पुस्तकाचं? … जाड आणू? … जंगलातलं? … हो, संपणार नाही, माहीत आहे. … तुझी पानं मी वाचीन ना पुढं. … कांदे चिरायचे सोडून, हो. … तुझ्यासारखं नाही जमणार. पण वाचीन. … नको, तू नको रडूस आता, नळी हलेल. … आला, आला, रडू नकोस राजा! … बोका उठला. … ऐकायचाय? घे, ऐक."

तिनं फोन पाळण्यात धरला. बोक्यानं सगळी ताकद पणाला लावून भोकाड पसरलं. तिनं त्याला रडू दिलं. एरवी एवढं रडू दिलं नसतं.

"ऐकलंस? … हो, गळा तुझ्यावर गेलाय. … कोण आलं? सिस्टर? … इंजेक्शन. … बरं, घे. ठेवते. … संध्याकाळी फोन कर हं, नेहमीसारखा, नाहीतर तिला शंका येईल. … न वाचलंस तरी चालेल. ऐक नुसती. … हो. … हो गं, मी पण. … ताई, एक मिनिट, ऐक ना, मला… … हॅलो? … ताई? … हॅलो?"

फोन बंद झाला होता. धाकटीनं बोक्याला उचलून खांद्यावर टाकला आणि थोपटत वळली, तर दारात मुंगी. पाठीला दप्तर, एका पायात बूट, दुसरा हातात. कधी आली होती कोण जाणे.

"आलीस? दूध गरम करू?" धाकटी म्हणाली.

मुंगीनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. ती टेबलाजवळ गेली. ते पान तिथंच सरळ पडलं होतं. तिनं ते उचललं, गठ्ठ्यात त्याची जागा शोधली आणि अलगद आत सरकवलं. मग गठ्ठ्याच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, मावशी करायची तशाच.

"उद्या आईकडे जायचंय?"

"हो."

"काचेच्या अलीकडे की आत?"

"आत. अगदी पलंगाशी."

मुंगी बुटाची नाडी सोडवायला लागली. नाडी आधीच सुटलेली होती.

"माझी पानं घेऊन?"

"घे की. आई म्हणालीय."

"फोनवर दिसत नाही ना कुणाच्या पानावर काय आहे ते," मुंगी मान खाली घालून म्हणाली. "तिथं आईला माझं पान दिसेल. आणि मला तिचं." नाडीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मग आम्ही दोघींनी काय वाचायचं, मावशी?"